ज्याने शिवलं त्याने आत बसायचं

बावीस वर्षांत पहिल्यांदाच आबांनी गिऱ्हाइकासमोर सांगितलं, की हा गाडीचा कापडी टप सुनेने शिवलाय. आणि नेमका तोच एक टप सुनेने शिवलेला नव्हता.

वहिनी तेव्हा कोपऱ्यात मशीनवर बसली होती. तिचा पाय पॅडलवर तसाच थांबला, सुई कापडात अर्धी रुतलेली राहिली. आपण बरोबर ऐकलं का, म्हणून तिने मान वळवून पाहिलं. दारात दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांच्या हातात गाडीतलं पायाखालचं मॅट लोंबत होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. आबा, म्हणजे वहिनीचे सासरे, खुर्चीत ताठ बसून त्या मॅटकडे असे बघत होते, जणू शेजारच्या दुकानातला माल चुकून इथे आला असावा. आणि शेठ, म्हणजे आबांचा मुलगा आणि वहिनीचा नवरा, छताकडे बघत होता. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तरी मी म्हटलं, आबांचा हात असा कसा असेल?" डॉक्टर म्हणाले.

"छे हो, आता माझ्याच्यानं कुठं होतंय?" आबा म्हणाले. "मी नुसतं लक्ष ठेवलं. शिवला सूनबाईनं."

किती सहज बोलले! जन्मभर ज्या माणसाच्या तोंडून "सूनबाईनं शिवला" हे दोन शब्द चिमट्याने ओढून निघाले नाहीत, त्याच्या तोंडून ते आज न मागता बाहेर पडले. वहिनीची कानशिलं तापली. आणि तुम्हीच सांगा, का नाही तापायची?

दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला कुलपं-किल्ल्या करणारा. समोर दोन गाड्या राहतील एवढी फरशी, आत कापड कापायचं लांबच लांब टेबल, खिडकीशी मशीन, आणि मागचा जिना चढून गेलं की घर. काम एकच. ज्या गाड्यांचा टप पत्र्याचा नसतो, कापडाचा असतो आणि घडी घालून मागे टाकता येतो, त्या गाड्यांचे टप शिवायचे, आणि गळके टप बरे करायचे. अशा गाड्या बाळगणारी मंडळी हौशी. ऊन पडलं की टप मागे टाकून केस उडवत हिंडतात, आणि पाऊस लागला की मांडीवर पाणी पडतंय म्हणून रडकुंडीला येऊन इथे उभी राहतात.

दारावरची पाटी म्हणते, 'आबामास्तर, गाड्यांचे कापडी टप'. भिंतीवर एकोणीस फोटो आहेत. प्रत्येकात एक चकचकीत गाडी, तिच्यावर नवाकोरा टप, आणि बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले आबा. त्या एकोणीसपैकी सोळा टप वहिनीने शिवलेत. एका फोटोत तिचं कोपर आलंय.

लग्नाआधी ती दप्तरांच्या कारखान्यात होती. दिवसाला चाळीस दप्तरं शिवायची. सून म्हणून घरात आल्यावर पंधराव्या दिवशी आबांनी तिला एक फाटकी सीट दिली आणि तिची शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली. मग काही न बोलता दुसऱ्या दिवशी तिला मशीनवर बसवलं. शिकवलं आबांनीच, आणि हातचं राखून न ठेवता शिकवलं. हे ती कधी नाकारत नाही. पाणी जिथे ठिबकतं तिथे ते शिरलेलं नसतं, ते सांगाड्याच्या दांडीवरून हातभर चालत येतं, हे त्यांनी दाखवलं. रबराच्या पट्टीत आणि काचेत कागदाचा कपटा धरून ओढायचा, तो सुळकन निघाला तर पट्टी मेली असं समजायचं, हेही त्यांनीच. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मागची पन्हळ. टपाची मागची कड जिथे गाडीत उतरते तिथे आतल्या बाजूला एक पन्हळ असते, तिला दोन टोकांना दोन भोकं, आणि भोकांना नळ्या. थोडंफार पाणी आत येणारच, ते त्या नळ्यांतून गाडीखाली पडलं पाहिजे. पाणी अडवत बसायचं नाही, त्याला वाट करून द्यायची. म्हणूनच सिलिकॉन, म्हणजे नळीतून पिळून लावायचा चिकट रबरी लेप, म्हटलं की आबांचं डोकं फिरायचं. जिथे गळेल तिथे नळी पिळून मोकळे होणारे कारागीर त्यांना डोळ्यांसमोर चालत नसत.

आणि एक नियम होता. टप तयार झाला की गिऱ्हाइकाला बोलवायचं, गाडी फरशीवर घ्यायची, आणि वरून पंधरा मिनिटं नळीने पाणी मारायचं. गाडीत कोण? ज्याने शिवलं त्याने आत बसायचं. कोरडा बाहेर आला तर काम पास, ओला आला तर पुन्हा उसवायचं, गिऱ्हाइकाच्या देखत. आबांनी हा नियम तरुणपणी केला, त्यांच्या हाताखाली दोन कारागीर होते तेव्हा. नियम चोख होता, कुणीही मान डोलवावी असा.

पण वहिनीने पहिला टप शिवला आणि गाडी फरशीवर आली, तेव्हा आबा म्हणाले, "तू नळी धर. गिऱ्हाईक बाईमाणूस बघून बिचकतं." आणि स्वतः दार उघडून आत जाऊन बसले. पंधरा मिनिटांनी कोरडे ठणठणीत बाहेर आले, शर्टाची बाही गिऱ्हाइकाला दाखवली, गिऱ्हाइकाने त्यांच्याशी हात मिळवला. वहिनी भिजलेल्या चपला घालून बाजूला उभी. दुसऱ्या टपाला तेच, तिसऱ्याला तेच. पुढे पुढे कुणी काही बोलायचीही गरज राहिली नाही. आबा दाराकडे निघत, वहिनी नळाकडे.

गंमत अशी, की गळक्या गाड्यांत बसायचं काम मात्र तिचंच. बाहेरून आलेली, दहा ठिकाणी चिकटपट्ट्या मारलेली गाडी असली की बॅटरी घेऊन वहिनी आत, आणि शेठ बाहेरून पाणी मारणार. थेंब कुठून येतो ते शोधायचं, मानेवर घ्यायचा, डोळ्यांत घ्यायचा, बोटाने त्याचा माग काढायचा. बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुकांखाली बसून भिजली. स्वतःच्या कोरड्या टपाखाली एकदाही बसली नाही. शेठला ह्यात कधी काही वावगं वाटलं नाही. त्याचं मुख्य काम इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. म्हणून तर गल्लीने त्याला शेठ हे नाव ठेवलं, आणि तो ते कौतुक समजून बसला.

आता डॉक्टरांच्या गाडीचं. गाडी दोन सिटांची, हिरवी, जुनी आणि लाडाची. आबांची कवळी ह्याच डॉक्टरांनी केलेली. आबा त्या कवळीने अक्रोड फोडून दाखवतात. दीड महिन्यापूर्वी डॉक्टर नवा टप करायला आले तेव्हा आबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तुम्ही माझे दात केलेत, तुमचा टप मी करणार. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." डॉक्टरांना भरून आलं. वहिनीचं लक्ष त्या छातीवरच्या हाताकडे गेलं. कारण आबांचा उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. बशीत कप ठेवायला गेले की घरभर ऐकू येतं.

आबा अकरा दिवस मशीनवर बसले. वहिनीला टेबलावर सिटांच्या गाद्या भरायला लावलं. ती पाठमोरी होती, पण मशीनचा आवाज तिला पाठीतूनही कळतो. मशीन धावायचं, अडखळायचं, थांबायचं. मग काही वेळ शांतता, आणि त्या शांततेत दोरा उसवल्याचा बारीक आवाज. टपाच्या कापडात उसवणं म्हणजे काय, हे आबांनीच तिला शिकवलं होतं. सुईने पडलेलं भोक बुजत नाही. नवी शिवण घातली की जुनी रिकामी भोकं तिच्या शेजारी उघड्या तोंडाने बसून राहतात, पाण्याची वाट बघत.

"आबा, मागच्या काचेवरची शिवण मी धरू का?" तिने एकदा विचारलं.

"मला येतं माझं काम," आबा म्हणाले.

शेवटच्या दिवशी शेठने तिला दोरा आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. खणात चार रिळं पडलेली असताना! ती परत आली तर फरशी ओली होती, आणि गाडी मागून नीट बंद करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, आबा आत बसले, वहिनीने नळी धरली. पाच मिनिटं होतात न होतात तोच आबांनी आतून काच ठोकली, "बास." पंधराची पाच मिनिटं झाली, हे तिच्या लक्षात आलं. ती गप्प बसली. इथे वहिनीचं चुकलंच, आणि तिला ते माहीत आहे. त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण घरात म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायची सवय अशी अंगात मुरते, की आपण कुणाला सांभाळतोय आणि कुणाला फसवतोय हेच कळेनासं होतं.

त्यानंतर तीन आठवडे पावसाने तोंड काळं केलं नाही. आणि आज डॉक्टर दारात होते, मॅट घेऊन.

"बूट तरंगत होते आत," ते म्हणाले. "सीटला बुरशी आलीय. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात मी सगळ्यांना इथलं नाव सांगत होतो. आता मला सांगावंच लागेल ना, की आबा शिवत नाहीत, सूनबाई शिवते, सांभाळून राहा?"

"सांगा की," आबा म्हणाले.

त्या क्लबातल्या अकरा गाड्यांचे टप वहिनीने शिवले होते. अकराच्या अकरा कोरडे. म्हणजे उद्या ह्या अकरा जणांना कळणार, की आपल्या डोक्यावरचं छप्पर ज्या बाईच्या हातचं आहे तिला शिवता येत नाही. आजवर तिचं नावच नव्हतं. आता नाव मिळत होतं, ते असं.

शेठ लगबगीने आला आणि तिला जिन्यापाशी घेऊन गेला.

"एवढं एकदा अंगावर घे," तो हळू आवाजात म्हणाला. "आबांचं वय बघ. ह्या वयात त्यांना उघडं पाडायचं का?"

"आणि मला?"

"तुझं काय जातंय? पुन्हा शिवून दे, विषय संपला. तुला कोण ओळखतंय?"

बाकी सगळं तिने ऐकून घेतलं असतं. 'तुला कोण ओळखतंय' हे तिच्या डोक्यात गेलं. आणि हे म्हणतंय कोण, तर ज्याने आयुष्यात एक गुंडी लावली नाही तो!

वहिनी तिथून बाहेर फरशीवर आली, डॉक्टरांची गाडी उभी होती तिथे. तिने पदर खोचला.

"डॉक्टर, ह्या दुकानाचा नियम आहे. ज्याने शिवलं त्याने आत बसायचं. आबा म्हणतात मी शिवलाय, तर मी बसते. नळी तुम्ही धरा. आणि मी सांगेपर्यंत बंद करू नका."

"अगं, डॉक्टरांना कशाला त्रास?" शेठ म्हणाला.

"त्यांना त्रास झालाच आहे. आता निदान कारण तरी कळू दे."

डॉक्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि नळी घेतली. वहिनी बॅटरी घेऊन आत बसली. आत कुबट वास भरला होता. तीन मिनिटं काही नाही. चौथ्या मिनिटाला मागच्या काचेच्या वर, शिवणीला लागून, एक थेंब फुगला, घरंगळला आणि नेमका तिच्या मानेवर पडला. मग दुसरा. मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. पण हे पाणी थोडं होतं. एवढ्याने बूट तरंगत नाहीत. तिने बॅटरी सिटांच्या मागे मारली. तिथे पाणी चढत होतं, पन्हळीतून काठ ओलांडून, संथपणे, आत.

ती ओल्या मानेने बाहेर आली. कुणाशी न बोलता तिने मागची कड सोडवली, अस्तर वर केलं आणि पन्हळीत हात घातला. टोकाला भोक असायला हवं तिथे बोटाला गुळगुळीत, मऊ, फुगीर काहीतरी लागलं. तिने आकडा घालून ओढलं. बोटाएवढा पांढरा लचका बाहेर आला. सिलिकॉन. त्याबरोबर तुंबलेलं पाणी भसकन नळीतून खाली गेलं आणि गाडीखालून वाहत डॉक्टरांच्या बुटांपर्यंत आलं. दुसऱ्या टोकालाही तसाच लचका. काचेवरच्या शिवणीलाही आतून थापलेलं, पण तिथून ते सुटून आलं होतं, आणि जे सुटलं नव्हतं ते ओघळून बरोब्बर भोकांत जाऊन बसलं होतं.

डॉक्टरांनी तो लचका हातात घेऊन उजेडात धरला.

"म्हणजे कीड तशीच ठेवून वरून चांदी भरली!" ते ओरडले. "असं माझ्याकडे कुणी केलं असतं तर मी त्याला दवाखान्यात पाय ठेवू दिला नसता!"

"गळू नये म्हणूनच भरलं ना मी," शेठ म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

आबा खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या दुकानात सिलिकॉन? माझ्या पोटच्या पोराने? अरे, चाळीस वर्षं मी..."

किती सुटका झाल्यासारखा आवाज होता त्यांचा! रागवायला दुसरं कुणी मिळालं की माणसाला किती हायसं वाटतं. वहिनीने त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

"आबा, सिलिकॉनचं नंतर बघू. आधी शिवण." तिने टपाची कड उलटी करून डॉक्टरांसमोर धरली. "ही बघा शिवण. आणि ही तिच्या शेजारी रिकामी भोकं. एक रांग, दुसरी रांग, इथे तर तिसरीही आहे. तीनदा उसवलंय. डॉक्टर गाडी न्यायला आले त्याच्या आदल्या दिवशीच तुम्ही आत बसला होतात आबा, मला दोऱ्याला पाठवून. मानेवर पाणी आलं होतं की नाही?"

 आबांनी उजवा हात खिशात घातला.

"हा टप आबांनी शिवलाय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो चढू नये असं तिला अजिबात वाटत नव्हतं. "सिलिकॉन ह्यांनी भरलंय. मी फक्त नळी धरली. आणि ह्याच्याआधी बावीस वर्षं इथून जे टप कोरडे गेले, ते मी शिवलेत. तुमच्या क्लबातले अकरा मी शिवलेत. सांगायचंच असेल तर हेही सांगा."

 डॉक्टर आबांकडे वळले. "माझा आधीचा टप चौदा वर्षं टिकला. एक थेंब नाही. त्याच्यासाठी मी तुमच्याशी हात मिळवला होता आबा. तो कुणी शिवला होता?"

टायरवाला आणि किल्लीवाला दोघंही आपापल्या दारात येऊन उभे होते. आबांनी कवळी दोनदा आतल्या आत चावली. मग ते वळले आणि कठडा धरून जिना चढून वर गेले. हेच त्यांचं उत्तर होतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

"चारचौघांत म्हाताऱ्या माणसाचं तोंड पाडलंस," डॉक्टर गेल्यावर शेठ म्हणाला.

"माझंही चारचौघांतच पाडलं होतं. मग बोलायला मी कुठं जाऊ, माळ्यावर?"

नऊ दिवस आबा तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की भिंतीला सांगायचे, "आज कुणाचा तरी हात मिठाला सैल झालाय." भिंतीने उत्तर दिलं नाही, आणि वहिनीनेही नाही. पूर्वी ती दुसऱ्यांदा वाढायला पुढे व्हायची, आता भांडं मधे ठेवून जेवायला बसायची. शेठ दोघांच्या मधे तोंड लहान करून वावरत होता. त्याला तिने पहिल्याच दिवशी तार आणि चिमटा देऊन गाडीखाली घातलं होतं. दोन्ही नळ्या साफ करायला त्याला दीड दिवस लागला. इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालं.

वहिनीने मागचा पट्टा सबंध काढून टाकला. भोकं पडलेल्या कापडाला औषध नसतं. नवीन कापड अंथरून दोन दिवस तसंच पडू दिलं, सुरकुत्या निघू दिल्या, मग खडूने आखलं, एकदाच कापलं. बारीक सुई लावली, पाण्याने फुगून आपलं भोक आपणच भरणारा दोरा ओवला. काचेवरची शिवण तिने सकाळच्या उजेडात घातली, एका दमात, न थांबता. वर जिन्याच्या तोंडाशी आबा येऊन उभे राहिले आहेत हे तिला न बघता कळलं. मशीन एकसारखं धावत होतं, तो आवाज ते ऐकत होते. शिवण संपली तेव्हा जिना रिकामा होता.

दहाव्या दिवशी डॉक्टर आले. गाडी फरशीवर घेतली. वहिनी हात पुसत बाहेर आली, आणि आबा खाली उतरले. सवयच ती. ते सरळ गाडीकडे गेले, दार उघडलं आणि एक पाय आत टाकला.  डॉक्टरांनी बुटांकडे बघायला सुरुवात केली.

"आबा," वहिनी म्हणाली.

आबा तसेच उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर. थरथरता हात दाराच्या कडेवर होता. मग त्यांनी पाय बाहेर काढला.

"नियम माझाच आहे," ते गुरगुरले. "मला शिकवू नका." आणि दार उघडंच ठेवून ते नळाकडे गेले.

वहिनी आत बसली. दार लावून घेतलं. आबांनी नळी धरली. हात हलत होता, त्यामुळे पाणी कुठेही जात होतं, काचेवर, चाकांवर, शेठच्या दुसऱ्या इस्त्रीच्या शर्टावर. मग ते टपावर आलं.

आणि तिने तो आवाज ऐकला. बाहेरून नळी धरलेल्या माणसाला पाण्याचा नुसता फडफडाट ऐकू येतो. आत तसं नव्हतं. ताणलेल्या कापडावर पाणी पडत होतं आणि सगळा टप जाड, भरीव आवाजात घुमत होता. डोक्यावर हातभर अंतरावर एवढं पाणी कोसळतंय आणि आपल्याला त्याचा शिंतोडाही नाही. तिने सवयीने बॅटरी लावली, काचेवरच्या शिवणीवर मारली. कोरडी. सिटांच्या मागे मारली. कोरडं. सिटांखालून, दोन्ही बाजूंनी, पाणी नळ्यांतून खाली जातानाचा खळखळाट येत होता. शोधायला काही नव्हतं. तिने बॅटरी विझवली आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसली. तिचं काम तिच्यावर छत्र धरून होतं. ह्यापेक्षा मोठं सुख ह्या धंद्यात दुसरं नसेल, असं तिला वाटलं.

आणि मग तिला राग आला. आजवर आला नव्हता असा. नाव घेतलं, फोटो घेतले, गिऱ्हाइकांचे हात घेतले, तेवढंच आपलं गेलं असं ती इतके दिवस धरून चालली होती. हे तिला माहीतच नव्हतं. हा म्हातारा सोळा सोळा टपांखाली, आणि फोटो न काढलेल्या कितीतरी टपांखाली, असा एकटा पंधरा पंधरा मिनिटं बसला होता. माझ्या शिवणीखाली. हे ऐकत. आणि बाहेर येऊन एका शब्दाने कधी सांगितलं नाही, की सूनबाई, आत कसं वाटतं म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गाडीत तेवढंच पाणी होतं.

आवाज थांबला. शेठने नळ बंद केला होता.

तिने काच दोन बोटं खाली केली. "बंद का केलं?"

"झाली की पंधरा मिनिटं," शेठ म्हणाला. "ये बाहेर. डॉक्टर थांबलेत."

"पंधरा तुमची झाली. माझी बावीस वर्षं राहिलीत. चालू करा."

शेठने आबांकडे पाहिलं. आबा नळी धरून उभे होते, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. ते सुनेकडे बघत होते. आत काय ऐकू येतं हे त्या फरशीवर फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि आपण काय घेतलं होतं तेही त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

"चालू कर रे," आबा मुलाला म्हणाले. "ती सांगेल तेव्हा बंद कर."

वहिनीने काच वर केली.